बागेतला छोटा ट्रॅक्टर लोडवर अर्ध्या तासात दम सोडतो आणि थोडा थांबला की पुन्हा चालू होतो: डिझेल पंप उतरवण्याआधी काय तपासावे?

बागवान_अंबड

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २२ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आहे. मोसंबीच्या फांद्या खाली झुकलेल्या असल्यामुळे मोठा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही, म्हणून रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे फिरत्या पात्यांचे अवजार) आणि फवारणीचा ब्लोअर ही दोन्ही कामे यावरच होतात. अवर मीटरवर साधारण १,४०० तास झाले आहेत. मेक मुद्दाम लिहीत नाही, कारण या आकाराच्या बहुतेक इंजिनांची रचना सारखीच असते आणि चर्चा कंपनीवर घसरू नये अशी इच्छा आहे.

अडचण अशी आहे. सकाळी पहिल्याच सेल्फला इंजिन चालू होते, धूर साफ असतो आणि रिकामा कितीही वेळ चालवला तरी काही कुरकुर नसते. रोटाव्हेटर जमिनीत टाकून पंचवीस-तीस मिनिटे काम झाले की आधी इंजिनाचा आवाज खालीवर होऊ लागतो, मग ताकद उतरत जाते आणि पीटीओ (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा मागचा फिरता दांडा) सोडेपर्यंत ते बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे उभा केला की परत चालू होतो आणि काही वेळ अगदी नीट चालतो. दुसऱ्या वेळेला मात्र आधीपेक्षा लवकर बंद पडतो.

गावातल्या मिस्त्रींनी डिझेल फिल्टर बदलून पाहिला, पण फरक पडला नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकांनी डिझेल पंप (इंजिनाला दाबाने डिझेल देणारा) उतरवून कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलच्या मापाची जुळणी, करून घ्या असे सांगितले, तर दुसऱ्यांचे म्हणणे आहे की हेड (इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग) उघडावे लागेल आणि बहुधा पिस्टन-रिंगांचे काम निघेल. दोन्ही खर्च मोठे आहेत आणि बागेत तण गुडघ्याला लागले आहे. पंपाला किंवा हेडला पाना लावण्यापूर्वी घरच्या घरी काय काय तपासता येईल, हे जाणकारांनी सांगावे.

औसेकर

सर्वप्रथम रेडिएटर पाहा. आमच्याकडे सोयाबीनच्या मळणीनंतर आणि पऱ्हाटी बारीक केल्यानंतर रेडिएटरच्या पाकळ्यांत भुस्सा इतका घट्ट बसतो की समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि आतून वाराच जात नाही. इंजिन तापले की दम सोडतेच.

जुना_फिटर

बागवान भाऊ, आपण लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. तरी चार गोष्टी विचारतो, कारण त्यांच्या उत्तरांवर पुढची दिशा ठरेल. बंद पडताना तापमानाचा काटा कुठे असतो? ताकद उतरताना धूर काळा होतो, पांढरा होतो की धूर जवळपास नाहीसा होतो? इंजिन हळूहळू गळून बंद पडते की कळ दाबल्यासारखे एकदम बंद होते? आणि परत चालू करताना सेल्फ लांब मारावा लागतो का?

हे विचारण्यामागचे कारण सांगतो. रिकाम्या चालणाऱ्या या इंजिनाला तासाला एक लिटरदेखील डिझेल लागत नाही. तेच इंजिन रोटाव्हेटर ओढताना पूर्ण ताकदीवर तासाला चार ते साडेचार लिटर पिते, म्हणजे मिनिटाला साधारण ६७ ते ७५ मिलिलिटर. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कुठे अडथळा असेल तर रिकाम्या इंजिनाची गरज त्यातूनही भागते आणि अडचण फक्त लोडवर उघडी पडते. पिस्टन-रिंगा झिजलेल्या इंजिनाचे वागणे याच्या उलट असते. ते थंड असताना सुरू व्हायला त्रास देते, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर फेकते, ऑइल खाते, आणि दहा मिनिटे सावलीत उभे राहिल्याने त्याच्या रिंगा काही भरून येत नाहीत. आपले इंजिन विश्रांतीने सुधारते, हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.

बागवान_अंबड

तापमानाचा काटा मध्याच्या किंचित वर असतो, लाल पट्ट्याजवळ कधीही गेलेला नाही. औसेकरांनी सांगितल्यावर रेडिएटर मागच्या बाजूने, म्हणजे पंख्याकडून पाण्याच्या मंद फवाऱ्याने धुतला. थोडा कचरा निघाला, पण तक्रार तशीच आहे. ताकद उतरताना धूर काळा होत नाही, उलट कमी होतो, आणि अगदी बंद पडण्याच्या वेळेस पांढुरकी झाक दिसते. इंजिन एकदम बंद होत नाही, खालीवर होत होत गळते. परत चालू करताना सेल्फ नेहमीपेक्षा बराच लांब मारावा लागतो, दोन-तीन सेकंद अडखळतो आणि मग उचलतो.

जुना_फिटर

मग उष्णता आणि हवेचा फिल्टर हे दोन्ही संशयित बरेच मागे पडले. एअर फिल्टर तुंबला असता तर डिझेल पुरेसे आणि हवा कमी, म्हणून लोडवर काळा धूर आला असता. स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या विजेच्या भागाची) वायर सैल असती किंवा गरम होऊन तिची कॉइल सोडत असती, तर इंजिन एका झटक्यात बंद झाले असते. धूर कमी होत जाणे, आवाज खालीवर होणे आणि शेवटी अडखळत पांढुरका धूर येणे, ही डिझेल अपुरे पोहोचत असल्याची किंवा डिझेलबरोबर हवा जात असल्याची खूण आहे.

हिंगोलीकर

मला वाटते पंपच आहे. आमच्या भावकीतल्या एका ट्रॅक्टरला अगदी असेच होत होते, पंप उतरवून प्लंजर (डिझेल दाबणारे आतले दट्टे) बदलले आणि प्रश्न मिटला. तेवढ्यात पंप थोडा वाढवूनही घेतला, म्हणजे जास्त डिझेल सोडेल असा करून घेतला, आता ताकद पूर्वीपेक्षा जास्त आहे. उगाच नळ्या तपासत बसण्यापेक्षा एकदाच काम करून घेणे बरे.

जुना_फिटर

हिंगोलीकर, पंप झिजतो हे खरे आहे, पण त्याची तक्रार वेगळ्या तऱ्हेने येते. झिजलेल्या पंपात गरम, पातळ झालेले डिझेल प्लंजरच्या फटीतून मागे निसटते. म्हणून असे इंजिन थंडीत चालू होते, काम करते आणि गरम असताना एकदा बंद केले की लगेच चालू होत नाही. यावर जुनी युक्ती आहे. इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि पंप निवला की सेल्फ मारायचा. तेवढ्याने चालू झाले तर पंप झिजल्याचा संशय पक्का होतो. चालत्या गरम पंपावर गार पाण्याची धार मात्र कधीही सोडू नये, कारण आतले भाग इतक्या बारीक अंतरावर बसवलेले असतात की बाहेरचा भाग एकदम आकसला तर पंप जागच्या जागी जाम होऊ शकतो.

पंप वाढवून घेणे या प्रकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे: सील तोडून स्क्रू फिरवणाऱ्याकडे ट्रॅक्टर देऊ नये. जास्तीचे डिझेल जाळायला जास्तीची हवा लागते आणि ती या इंजिनाकडे नसते. परिणामी काळा धूर, तापलेले पिस्टन, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन खाली उतरते. मिळालेली ताकद एक-दोन हंगाम दिसते आणि पुढे इंजिनाच्या कामाचे बिल येते.

सेलूची_ताई

दादा, एक अगदी बिनखर्चाची तपासणी राहिली आहे. डिझेल टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र असते. उन्हाळ्यात रोटाव्हेटरची धूळ आणि सांडलेले डिझेल मिळून ते लिंपून जाते. मग जसजसे डिझेल कमी होते तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढे जायला नकार देते. दहा मिनिटे थांबले की हवा कशीबशी आत शिरते आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू होतो. आमच्याकडे असेच झाले होते आणि आमच्या यांनी तोवर नवीन फीड पंप (टाकीतले डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप) आणून ठेवला होता. दम उतरायला लागला की त्याच क्षणी झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा फुस्स असा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर दोष झाकणातच आहे. छिद्र बारीक तारेने साफ होते. झाकण कायमचे उघडे ठेवून काम करू नका, कारण तीच धूळ टाकीत जाते.

बागवान_अंबड

ताई, झाकण तपासले. छिद्र खरोखर बुजलेले होते आणि उघडताना हलका आवाजही आला. छिद्र साफ केल्यावर ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ चालला, म्हणून वाटले की संपले. पण नंतर तसाच गळू लागला. म्हणजे झाकण हा दोषाचा एक भाग होता, पूर्ण दोष नव्हता.

जुना_फिटर

असे पुष्कळदा होते. दोन-तीन लहान दोष एकावर एक बसतात, प्रत्येकजण एक काढतो, थोडा फरक पडतो आणि शेवटी कंटाळून माणूस पंपाकडे वळतो. आता टाकीपासून पुढे क्रमाने चला.

पहिले म्हणजे प्रवाह पाहा. फिल्टरकडे येणारी नळी फिल्टरच्या तोंडाशी काढा आणि स्वच्छ बाटलीत धरा. टाकी फिल्टरपेक्षा उंच असेल तर डिझेल आपोआप आले पाहिजे. धार सुरुवातीला जाड आणि मिनिट-दोन मिनिटांत बारीक होत गेली, तर टाकीच्या आत बाहेर पडण्याच्या तोंडावरची जाळी तुंबलेली आहे. हा बारीक होत जाण्याचा प्रकार आपल्या लक्षणाशी तंतोतंत जुळतो. डिझेल वाहत असताना टाकीतली घाण ओढली जाऊन जाळीवर चिकटते, वाहणे थांबले की ती सुटून तळाशी बसते आणि वाट पुन्हा मोकळी होते. नवा फिल्टर टाकूनही फरक पडला नाही याचे उत्तरही इथेच असावे, कारण घाण फिल्टरपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरे म्हणजे हवा शोधा. फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या रबरी नळीच्या जागी तात्पुरती पारदर्शक, डिझेल सहन करणारी नळी लावा आणि रोटाव्हेटर चालवताना कोणाला तरी अंतर राखून तिच्याकडे पाहायला सांगा. फिरत्या पीटीओजवळ किंवा पंख्याच्या पट्ट्याजवळ कोणीही वाकू नये, धोतर-उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर तर लांबच ठेवावा. रिकाम्या इंजिनात एकही बुडबुडा नाही आणि लोडवर बुडबुड्यांची माळ सुरू झाली, तर कुठला तरी सांधा हवा ओढतो आहे.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज होतो. लोक म्हणतात की डिझेल कुठे गळत नाही, मग हवा कुठून जाईल? फीड पंपाच्या आधीच्या भागात इंजिन चालू असताना ओढ असते, दाब नसतो. अशा ठिकाणचा सैल सांधा डिझेल बाहेर सोडत नाही, तो हवा आत घेतो. त्याची एकच खूण बाहेर दिसते. ट्रॅक्टर रात्रभर उभा असताना त्या सांध्यातून नखभर डिझेल झिरपते आणि त्यावर धूळ चिकटते. म्हणून पुसण्याआधी प्रत्येक सांधा नीट पाहा. बाकी सगळे कोरडे आणि एकाच ठिकाणी ओलसर काळी धूळ असेल तर तिथेच हात घाला.

गोदाकाठ_गेवराई

वरच्या प्रतिसादाला पूरक म्हणून सांगतो. बॅन्जो बोल्टच्या (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंची तांब्याची वॉशर एकदा दाबली गेली की परत वापरू नयेत. आमच्याकडचे मिस्त्री फिल्टर बदलताना नवा फिल्टर लावतात आणि वॉशर तीच जुनी बसवतात. दोन-चार रुपयांच्या वस्तूसाठी पुढे सगळा ट्रॅक्टर संशयाच्या फेऱ्यात येतो. फिल्टरच्या वाटीचे रबरी रिंगही पाहावे. ते मुरडून बसले तर बाहेरून काहीच दिसत नाही.

औसेकर

थोडे विषयाला धरून पण वेगळे विचारतो. माझ्या १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमध्ये डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढते आहे. ऑइल टाकलेले नसताना ती वरच्या खुणेच्या पुढे कशी जाते? ट्रॅक्टर सध्या चालतो आहे, म्हणून दुर्लक्ष करू का?

जुना_फिटर

अजिबात दुर्लक्ष करू नका आणि तपासणी होईपर्यंत ट्रॅक्टर चालवूही नका. ऑइलमध्ये डिझेल तरी मिसळते आहे किंवा पाणी तरी. पाणी असेल तर ऑइल दुधाळ, चहाच्या सायीसारखे दिसते आणि एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला की तडतडतो. तेव्हा हेड गॅसकेट, हेडची भेग किंवा स्लीव्हचे (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याचे) सील यांच्याकडे पाहावे. डिझेल असेल तर ऑइल काळेच राहते पण बोटांत पातळ लागते आणि वास येतो. पडद्याच्या फीड पंपाचा पडदा फाटला, पंपाचे सील गेले किंवा एखादे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) टपकत राहिले, तर डिझेल खाली उतरते.

पातळी फार वाढली तर इंजिन ब्रीदरमधून किंवा रिंगांवाटे स्वतःचेच ऑइल ओढून त्यावर धावू लागते आणि मग चावी बंद केली, स्टॉपची दांडी ओढली तरी थांबत नाही. असे कधी झालेच तर हवा येण्याचे तोंड जाड फळीने किंवा पत्र्याने झाकायचे, हाताने नव्हे, आणि इंजिनाच्या बाजूला उभे राहायचे नाही. दोष काढल्यावर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला. पातळ झालेले ऑइल बेअरिंगांना पुरत नाही.

बागवान_अंबड

सर्वांचे आभार मानून निकाल कळवतो. नळी काढून प्रवाह पाहिला. पहिली धार बोटाएवढी आली आणि बाटली अर्धी भरेपर्यंत दोऱ्यासारखी झाली. टाकी रिकामी करून उतरवली, तेव्हा तळाशी तपकिरी चिकट थर आणि त्याखाली पाण्याचे वेगळे थेंब होते. बाहेर जाणाऱ्या तोंडावरची जाळी त्या थराने इतकी लिंपली होती की उजेडाकडे धरूनही आरपार दिसत नव्हते.

पारदर्शक नळीही लावली होती. रिकाम्या इंजिनात स्वच्छ डिझेल आणि रोटाव्हेटर टेकवल्यावर थोड्याच वेळात बुडबुडे. फिल्टरच्या डोक्यावरच्या एका बॅन्जो बोल्टभोवती ओल्या धुळीचा डाग होता आणि वॉशर पाहिली तर एका बाजूला चेपलेली. आता प्रश्न असा पडतो की खरा दोष कोणता, जाळी की वॉशर?

जुना_फिटर

दोन्ही एकाच साखळीतले आहेत. जाळी मोकळी असती तर टाकीची उंची पुरेशी होती आणि त्या सांध्यावर फारशी ओढ आलीच नसती. चेपलेली वॉशर तशीच चालून गेली असती. जाळी तुंबली, लोडवर फीड पंप जोरात ओढू लागला, त्या ओढीने अशक्त सांध्यातून हवा शिरली आणि पंपात डिझेलबरोबर बुडबुडे गेले. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही, म्हणून नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. परत चालू करताना सेल्फ लांब मारावा लागत होता तोही याचमुळे. बोल्ट नुसता आवळून दिला असता तर काही दिवस बरे वाटले असते. झाकणाचे बुजलेले छिद्र ही ओढ आणखी वाढवत होते, म्हणून ताईंनी सांगितलेल्या उपायाने थोडा फरक पडला.

टाकी पाण्याने धुऊ नका. स्वच्छ डिझेलनेच दोन-तीनदा खळखळून घ्या, पूर्ण निथळू द्या, जाळी मऊ ब्रशने साफ करा आणि फाटलेली असेल तर बदला. जाळीच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मग तोच थर फिल्टरमध्ये आणि कालांतराने पंपात जाईल. त्यानंतर डिझेल फिल्टर पुन्हा नवा टाकावा, कारण आत्ताचा या सगळ्यात खराब झालेला असणार.

सेलूची_ताई

नळ्या जोडल्यावर हवा कशी काढायची हेही कोणीतरी सविस्तर लिहावे. आमच्याकडे दर वेळी मिस्त्री येईपर्यंत ट्रॅक्टर उभा राहतो, आणि हे काम बाईमाणसालाही सहज जमण्यासारखे आहे.

गोदाकाठ_गेवराई

ताई, क्रम कायम टाकीकडून नोझलकडे ठेवायचा. टाकीत पुरेसे डिझेल भरून कॉक उघडा. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाची हाताची दांडी हलवत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. दांडी हलवतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर आधी टाकीजवळचा आणि मग पुढचा. त्यानंतर पंपावरच्या स्क्रूने हेच करा. दांडी हलताना दाब जाणवत नसेल तर इंजिन थोडे फिरवून पाहा, कारण कॅम वर आलेला असेल तर दांडीचा पल्ला मिळत नाही. ज्या ट्रॅक्टरांत विजेवर चालणारा फीड पंप आहे, तिथे चावी नुसती चालू केली तरी हे काम होते.

एवढ्यावर इंजिन उचलले नाही तर नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांची नटे नोझलच्या टोकाशी एक आटा सैल करून, रेस पूर्ण देऊन सेल्फ मारावा आणि डिझेल उसळू लागले की नटे आवळावीत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये त्याला निवू द्यावे. नटाजवळ बोट नेऊ नये. नोझलमधून सुटणारी धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि आतून हात सडतो. तसे झाल्यास घरगुती उपाय न करता लगेच मोठ्या दवाखान्यात जावे आणि डिझेल कातडीत घुसले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

जुना_फिटर

चांगले लिहिले आहे. एक मर्यादा जोडतो: नटे सैल करण्याची पद्धत फक्त यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी आहे. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि त्या वर्गात कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) इंजिने आली. तिथे नळ्यांतला दाब कित्येक पटींनी जास्त असतो, त्या नळीला पाना लावण्याचा विचारही करू नये. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांत बहुतेक अजून यांत्रिक पंपच असतो.

हिंगोलीकर

पंपाचा मुद्दा सध्या मागे घेतो, पण रिंगांचे काय? दुसऱ्या मिस्त्रींनी पिस्टन-रिंगा सांगितल्या त्या कशावरून? तीही काहीतरी पाहूनच बोललेली गोष्ट असेल.

बागवान_अंबड

त्यांनी ब्रीदरच्या नळीला हात लावून पाहिला आणि फुंकर जास्त आहे असे सांगितले. दुसरे म्हणजे गेल्या हंगामात वाकलेल्या फांदीने एअर फिल्टरवरचा प्री-क्लीनरचा (जाड धूळ आधीच अडवणाऱ्या भागाचा) वाडगा फुटला होता आणि नवीन मिळेपर्यंत ट्रॅक्टर तसाच चालला होता. निळा धूर दिसत नाही आणि दोन ऑइल बदलांच्या मधे ऑइल वरून टाकावे लागत नाही.

जुना_फिटर

प्री-क्लीनर फुटून चालवला असेल तर त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आपल्या काळ्या जमिनीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते आणि हवेच्या वाटेने आत गेली की ऑइलमध्ये मिसळून रिंगा आणि स्लीव्ह घासते. बागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरांत हे नेहमी घडते, कारण फांद्या नेमक्या त्याच उंचीवर असतात. प्री-क्लीनरभोवती सळईचा पिंजरा लावून घेणे उत्तम. फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी काढून तिच्या आतून पांढरे फडके फिरवा. फडक्याला माती लागली तर धूळ आत जाते आहे, क्लिप सैल आहे किंवा नळीला चीर आहे.

कोरड्या प्रकारचा फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करतात आणि दाब चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या आसपासच ठेवतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची थेट धार मारली तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात.

रिंगांचा निर्णय हाताने फुंकर अजमावून करू नये, कॉम्प्रेशन गेज लावून करावा. या आकाराच्या स्वर्ल चेंबरच्या (हेडमधल्या वेगळ्या छोट्या कप्प्यात डिझेल फवारणाऱ्या) इंजिनांत चांगले कॉम्प्रेशन साधारणपणे चौरस सेंटिमीटरला २९ ते ३३ किलो असते आणि २३ च्या आसपास आले की काम काढावे लागते. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. तिन्ही सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. एखादा सिलिंडर कमी निघाला तर त्यात अगदी थोडे ऑइल घालून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर रिंगा गेल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. गेज नसेल तर इंजिन रिकामे चालू असताना एकेका नोझलचे नट फडक्याने झाकून सैल करून पाहतात. ज्या सिलिंडरचे नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळात काम करत नव्हता.

औसेकर

माझ्या ट्रॅक्टरचे कळवतो. ऑइल पातळ होते आणि डिझेलचा स्पष्ट वास होता. फीड पंप उघडला, पडद्याला आडवी चीर निघाली. पडदा, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून घेतले. मिस्त्री म्हणाले की थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून टाकू, उन्हाळ्यात इंजिन थंड राहील. काढू का?

जुना_फिटर

काढू नका. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हिवाळ्यात तासभर चालूनही योग्य तापमानाला येत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि तेच ऑइलमध्ये उतरते, म्हणजे आत्ताच निस्तरलेली तक्रार दुसऱ्या वाटेने परत येते. संशय असेल तर तो पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरसह तापवून पाहा. उघडण्याचे तापमान, बहुधा ७१ ते ८२ अंशांच्या दरम्यानचे, त्यावर कोरलेले असते. आपल्याकडे इंजिन तापण्याचे खरे कारण बोअरचे क्षारयुक्त पाणी असते. ते रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पोकळ्यांत थर धरते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे घाला, आणि गरम इंजिनाचे झाकण उघडू नका.

बागवान_अंबड

टाकी डिझेलने धुतली, जाळी नवी बसवली, फिल्टर बदलला, फिल्टरवरच्या सगळ्या बॅन्जो बोल्टांना नवीन वॉशर घातली आणि टाकीपासूनची कडक झालेली रबरी नळीही बदलली. हवा गोदाकाठ यांच्या क्रमाने काढली. काल सकाळपासून दुपारपर्यंत मधे न थांबता रोटाव्हेटर चालला. पारदर्शक नळीत एकही बुडबुडा दिसला नाही, म्हणून ती काढून मूळ रबरी नळी लावली. प्री-क्लीनरच्या पुढची नळी फडक्याने पाहिली तर फिल्टरनंतरच्या भागात हलकी माती निघाली, क्लिप सैल होती. बागेचे काम उरकले की जालन्याला नेऊन कॉम्प्रेशन मोजून घेणार आहे.

शेवटची शंका एवढीच की टाकीत पाणी आले कुठून? डिझेल पेट्रोल पंपावरून आणून प्लास्टिकच्या ड्रममध्ये ठेवतो आणि लागेल तसे ओततो.

सेलूची_ताई

दादा, ड्रमचे झाकण घट्ट नसेल तर पावसाळी हवेतला ओलावा आत जातो आणि अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की तिच्या आतल्या भिंतींवर दव धरते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढून तो तपकिरी चिकट थर तयार होतो. काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवा. ड्रममधले डिझेल आणल्यावर एक रात्र स्थिर राहू द्या, तळाचे चार बोटे डिझेल टाकीत कधीही ओतू नका आणि ओतताना बारीक जाळीचे नरसाळे वापरा. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसले तर तिचा निचरा करा. पावसाळ्यात ती दर आठवड्याला पाहावी लागते.

बागवान_अंबड

ड्रम उपडा करून पाहतो, तळाशी नक्की काही तरी असणार. कॉम्प्रेशनचे आकडे मिळाले की याच धाग्यावर टाकतो.